'हेल्पर' लिहिलेल्या कागदापासून ९३२१ पर्यंत: पॅकिंगच्या कामाचा कोड बरोबर करून घेताना

मी सहा वर्षं कारखान्यात पॅकिंग लाईनवर काम करतेय. हाताचं पॅकिंग. आमच्याकडे कपाटाच्या बिजागऱ्या बनतात आणि त्या पिशवीत, पिशव्या आतल्या खोक्यात आणि ती खोकी मोठ्या कार्टनमध्ये भरायची हे आमचं काम. यंदा मी अनुभवावर मिळणाऱ्या कौशल्य प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आणि तो व्यवसायाचा कोड (आपलं काम कोणतं ते सांगणारा, कामांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतला आकडा) या एका रकान्यावरून अडकला. ६ जानेवारीला फॉर्म आणला, ९ एप्रिलला प्रमाणपत्र हातात आलं, म्हणजे ९३ दिवस. यातले निम्मे दिवस तरी मला आधी माहिती असती तर वाचले असते, म्हणून सगळं आठवून लिहितेय. पॅकिंगमधल्या कुणाला उपयोग झाला तर बरं वाटेल.

फॉर्म तसा सोपा होता, नाव, पत्ता, शिक्षण, किती वर्षं काम केलं, आणि मग एक रकाना, 'व्यवसाय कोड, आयएससीओ-०८, चार अंकी'. प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राच्या खिडकीवरच्या मॅडमना विचारलं की इथे काय लिहायचं, त्या म्हणाल्या तुमच्या अनुभवपत्रावर जे काम लिहिलंय त्याप्रमाणे कोड येईल, आधी पत्र आणा. तेव्हा मला वाटलं पत्र आणलं की झालं.

मी कारखान्याच्या पगारपत्रकावर नाही, कॉन्ट्रॅक्टरकडून आहे. ९ जानेवारीला कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात पत्र मागितलं, मिळालं १९ ला. दोन ओळींचं पत्र. 'सदर कर्मचारी आमच्याकडे हेल्पर या पदावर कार्यरत आहेत, वर्तणूक चांगली आहे.' खाली सही-शिक्का. मी तिथल्या माणसाला म्हटलं अहो मी पॅकिंग करते, हेल्पर काय लिहिलंत, तर ते म्हणाले रजिस्टरमध्ये सगळ्यांचं तेच आहे. आणि कोड विचारला तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुनी झेरॉक्स काढली, त्यात हाताने पॅकिंग करणाऱ्यांसमोर ९३२२ होतं, तो त्यांनी पेनाने पत्रावर लिहून दिला. मीही काही विचार न करता तोच फॉर्ममध्ये भरला. २० जानेवारीला अर्ज जमा केला, त्यासाठी त्या दिवसाची हजेरी गेली कारण केंद्राची वेळ आणि माझी पहिली शिफ्ट एकच.

३ फेब्रुवारीला अर्ज त्रुटी काढून परत आला. दोन शेरे होते. एक, दिलेला कोड आयएससीओ-०८ मध्ये अस्तित्वात नाही. दोन, पदनामावरून मुख्य काम स्पष्ट होत नाही. तो कागद वाचून मला खरंच रडू आलं. सहा वर्षं रोज आठ तास जे करते ते कागदावर 'स्पष्ट होत नाही' असं वाचायला फार लागतं. त्या रात्री मी फोनवर ही आयएससीओ काय भानगड आहे ते शोधायला बसले, आणि पुढचे चार-पाच दिवस शिफ्ट संपली की तेच वाचत होते.

मला समजलं ते माझ्या शब्दांत सांगते. आयएससीओ म्हणजे जगभरातल्या कामांची एक वर्गवारी, ती आंतरराष्ट्रीय श्रम संघटना म्हणजे आयएलओ चालवते, जिचं मुख्यालय जिनिव्हाला आहे. पहिली वर्गवारी १९५८ ची, मग १९६८, १९८८ आणि आताची २००८ ची. वेगवेगळ्या देशांना आपल्या कामगारांची आकडेवारी एकमेकांशी ताडून बघता यावी हा तिचा मूळ उद्देश. आत्ताच्या आवृत्तीत १० मोठे गट, त्याखाली ४३, त्याखाली १३० आणि शेवटी ४३६ छोटे गट आहेत. चार अंकी कोड म्हणजे या चार पायऱ्या. आपल्या कामापुरतं बघायचं तर ९ म्हणजे प्राथमिक स्वरूपाची कामं, ९३ म्हणजे खाणकाम, बांधकाम, उत्पादन आणि वाहतूक यांतले श्रमिक, ९३२ म्हणजे उत्पादनातले श्रमिक, आणि ९३२१ म्हणजे हाताने पॅकिंग करणारे.

आणि माझा ९३२२ कुठून आला तेही तिथेच कळलं. १९८८ च्या आवृत्तीत हाताने पॅकिंग करणारे आणि उत्पादनातले इतर श्रमिक एकाच गटात होते आणि त्याचा कोड ९३२२ होता. २००८ च्या आवृत्तीत पॅकिंगवाल्यांना स्वतंत्र ९३२१ मिळाला आणि बाकीचे ९३२९ मध्ये गेले, ९३२२ राहिलाच नाही. त्याहून घोळाची गोष्ट म्हणजे जुन्या आवृत्तीत ९३२१ हा आकडा होताच, पण तो जुळणी करणाऱ्या श्रमिकांचा होता. म्हणजे आकडा तोच, काम वेगळं! म्हणून कुठेही कोड लिहिताना नुसता आकडा लिहू नका, आयएससीओ-८८ की आयएससीओ-०८ ते शेजारी लिहाच. मी आता प्रत्येक कागदावर 'आयएससीओ-०८: ९३२१' असं पूर्ण लिहिते.

एक गोष्ट मनात आली ती लपवत नाही. 'प्राथमिक स्वरूपाची कामं, कौशल्य पातळी १' हे वाचून वाईट वाटलं होतं. या वर्गवारीत कौशल्याच्या चार पातळ्या आहेत आणि आपण सगळ्यात खालच्या पातळीवर. नंतर नीट वाचल्यावर लक्षात आलं की पातळी ही कामाला लागते, माणसाला नाही. ते काम करायला साधारण किती शिक्षण, किती प्रशिक्षण लागतं त्यावर ती ठरते, कोण किती सफाईने करतं त्यावर नाही. तरी माझं मत असं आहे की त्या एका आकड्यात बरंच काही मावत नाही. आमच्या बिजागऱ्या दोन-दोनच्या जोडीत जातात, त्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि मध्ये पातळ कागद, नाहीतर पॉलिशवर ओरखडा पडतो आणि अख्खी पेटी परत येते. सोबत स्क्रूची छोटी पुडी, आठ स्क्रू. ते मोजायला वेळ नसतो, पुडी अंगठ्याने दाबून सपाट केली की चार-चारच्या दोन ओळी बोटाला लागतात, एक कमी असेल तर एक ओळ लंगडी लागते. ही सवय लागायला मला वर्ष गेलं.

तर आता प्रश्न होता की मी ९३२१ आहे हे कागदावर दाखवायचं कसं. कारण कामाच्या जागी कुणीच एकच काम करत नाही. मी कार्टन पॅलेटवर रचते, मग मी ९३३३ म्हणजे माल हाताळणारी का? मी श्रिंक मशीनवर, म्हणजे खोक्यावर प्लॅस्टिकची फिल्म गरम करून घट्ट बसवणाऱ्या मशीनवर, खोकी ठेवते, मग ८१८३ म्हणजे पॅकिंग, बॉटलिंग आणि लेबलिंग मशीनची ऑपरेटर का? नाकारलेल्या भागांची चाळणी करते, मग ९३२९ का? केंद्रात फोन केला तेव्हा तिथल्या एका सरांनी एक वाक्य सांगितलं जे मला सगळ्यात कामाला आलं. ते म्हणाले, "ताई, पदाचं नाव सोडा, दिवसभरात हात काय करतात ते मिनिटांत लिहून आणा."

म्हणून ४ फेब्रुवारीपासून मी दहा शिफ्टची वही ठेवली. खिशात छोटी वही, आणि काम बदललं की वेळ टाकायची. पहिल्या दोन दिवशी सारखं विसरायला व्हायचं, मग सुट्टीची घंटा आणि पेटी बदलण्याची वेळ यांना धरून लिहायला लागले. शेजारच्या टेबलवरच्या दोघी विचारायच्या काय हिशोब चाललाय. आठ तासांतून अर्ध्या तासाची सुट्टी वजा केली की ४५० मिनिटं उरतात, त्याची दहा दिवसांची सरासरी अशी आली: पिशवीत आणि खोक्यात भरणं २३० मिनिटं, वजन आणि मोजणी ६०, लेबल आणि बॅचचा स्टिकर लावणं ६५, खोकी उभी करून टेप मारणं ४०, पॅलेटवर रचणं ३५, आणि श्रिंक मशीनपाशी २०. चाळणीचं काम त्या दहा दिवसांत आलंच नाही म्हणून ते मी लिहिलंही नाही. हे आकडे समोर आल्यावर मलाच पहिल्यांदा माझा दिवस दिसला. आयएलओच्या वर्णनात ९३२१ ची कामं हीच आहेत, हाताने वजन करणं, गुंडाळणं, बंद करणं, भरणं, लेबल लावणं.

१६ फेब्रुवारीला ती वही घेऊन सुपरवायझर सरांकडे गेले. ते चांगले आहेत, लगेच सही करायला तयार झाले, उलट म्हणाले की मशीनजवळ उभी असतेस ना, तर मशीन ऑपरेटरच लिहून देतो, त्याची पातळी २ आहे, वरचा कोड मिळेल. मी एक रात्र विचार केला. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी त्या मशीनवर काय करते? पट्ट्यावर खोकं ठेवते आणि दुसऱ्या टोकाला उचलते. तापमान लावणं, फिल्मचा रोल बदलणं, फिल्म फाटली की मशीन थांबवून परत चालू करणं हे सगळं ऑपरेटर दादा करतात. प्रत्यक्ष चाचणीत मला रोल बदलायला सांगितला असता तर मी तिथेच अडकले असते आणि पॅकिंगचंही प्रमाणपत्र गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, सर जे करते तेवढंच लिहा. त्यांनी तसं लिहिलं.

इथे एक नियम सांगून ठेवते, कारण काहींच्या बाबतीत उलटं असेल. एका माणसाच्या कामात वेगवेगळ्या पातळीची कामं मिसळलेली असतील तर वर्गवारीच्या नियमाप्रमाणे ज्या कामाला जास्त कौशल्य लागतं त्यावरून कोड ठरतो. म्हणजे तुम्ही खरोखर मशीन लावत असाल, चालवत असाल, बिघाड बघत असाल, तर बाकी वेळ हाताने पॅकिंग केलं तरी तुमचा हक्क ८१८३ वर आहे आणि तो सोडू नका. आणि उत्पादनाचं काम आणि माल हलवण्याचं काम असं मिश्रण असेल तर उत्पादनाच्या कामाला आधी धरतात. म्हणून माझी ती पॅलेटची ३५ मिनिटं मला ९३३३ मध्ये घेऊन गेली नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ मात्र गेला कॉन्ट्रॅक्टरकडे. सुपरवायझरची सही असलेला कामाचा तक्ता होता, पण केंद्राला पत्र पगार देणाऱ्याचंच हवं होतं, त्यामुळे सुधारित अनुभवपत्र लागणार होतं. १८ फेब्रुवारीला अर्ज दिला, मग 'उद्या या', मग साहेब नाहीत, मग शिक्का नाही. चौथ्या वेळी गेले तेव्हा मी पत्राचा मजकूर स्वतःच लिहून नेला, अगदी सही करायची जागा सोडून. त्यात पदनाम 'हाताने पॅकिंग करणारी कामगार', खाली कामांची यादी आणि मिनिटं, कधीपासून ती तारीख, आणि 'आयएससीओ-०८: ९३२१'. २ मार्चला सही मिळाली. हे मी आधीच केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. तुम्ही पत्र मागायला जाल तेव्हा मजकूर तयार करून न्या, समोरच्याला टाईप करावं लागणार नाही हे बघा, तिथेच अर्ध काम होतं.

त्या पत्रावरून आणखी एक गोंधळ झाला, तोही सांगते. केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या की तुमचा मालक तर मनुष्यबळ पुरवणारी संस्था आहे, कारखाना नाही, मग उत्पादनातल्या श्रमिकांचा कोड कसा लावायचा? माझ्या पोटात गोळाच आला. पण नशिबाने मी हे वाचलं होतं. मालक कोणता धंदा करतो त्याची वर्गवारी वेगळी असते, तिला आयएसआयसी म्हणतात, त्यात मनुष्यबळ पुरवणाऱ्यांचा वेगळा गट आहे आणि दुसऱ्यांसाठी मोबदला घेऊन पॅकिंग करून देणाऱ्यांचाही वेगळा, ८२९२. माणसाच्या कामाची वर्गवारी त्याच्यावर अवलंबून नसते, ती कामावरून ठरते. मी कॉन्ट्रॅक्टवर असो की कायम, पगार महिन्याचा असो की नगावर, कोड तोच. मॅडमनी आतल्या सरांना विचारलं आणि अर्ज घेतला. ही तारीख ४ मार्च, दुसरी हजेरी गेली.

१७ मार्चला मुलाखत आणि प्रत्यक्ष चाचणी एकाच दिवशी. मुलाखत जेमतेम पंधरा मिनिटं चालली. त्यांनी वही मागितली, मूळ वही, टाईप केलेला तक्ता नाही. बरं झालं मी ती टाकून दिली नव्हती, पानांवर तेलाचे डाग होते, दोन ठिकाणी खाडाखोड होती, मला त्याची लाज वाटत होती पण सर म्हणाले हीच बरी. मग मशीनबद्दल प्रश्न: सेट कोण करतं, रोल कोण बदलतं, अडकलं तर कोण बघतं? तिन्हींना मी 'ऑपरेटर' म्हटलं. त्यांनी ८१८३ समोर काट मारली आणि पुढे गेले.

चाचणीत अर्धा तास दिला होता. टेबलावर भाग, पिशव्या, पुड्या, खोकी, टेपची गन, काटा. सामान माझ्या ओळखीचं नव्हतं, बिजागऱ्यांऐवजी कड्या होत्या, त्यामुळे पहिली पाच मिनिटं हात चालेना. मी आधी एक नमुना भरून काट्यावर ठेवला आणि वजन कागदावर लिहिलं, हे लाईनवर आम्ही प्रत्येक नवीन मालाला करतो, मग पुढचं प्रत्येक खोकं त्याच्याशी ताडून बघता येतं. एका पुडीत स्क्रू मुद्दाम कमी ठेवला होता. काट्यावर कळायच्या आधी ते अंगठ्यालाच लागलं, ती पुडी मी बाजूला काढून ठेवली. सर काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं. टेप मारताना मात्र चुकले, मधल्या जोडावर मारली आणि कडांना विसरले, वेळ संपायला दोन मिनिटं असताना लक्षात आलं आणि परत मारली. सांगायचं म्हणजे चाचणीच्या आधी आपल्या लाईनवर जे करत नाही तेही एकदा करून बघा. आमच्याकडे कडांना टेप मारायचं काम दुसरी बाई करते, म्हणून माझ्या हाताला ते नव्हतं.

त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. मी रोज फोन बघायचे. २ एप्रिलला फोन लावला तर 'प्रक्रियेत आहे' एवढंच. ९ ला मेसेज आला, त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती म्हणून सकाळीच जाऊन घेऊन आले. तिथेच उभं राहून आधी कोड बघितला, मग नावाचं स्पेलिंग, मग अनुभवाची वर्षं. नावात एक अक्षर चुकलं होतं, खिडकीवर सांगितलं तर वीस मिनिटांत दुसरी प्रत दिली. घरी जाऊन कळलं असतं तर परत एक अर्ज करावा लागला असता.

खर्च काय झाला तर फी नव्हती, पण २० जानेवारी, ४ मार्च आणि १७ मार्च अशी तीन दिवसांची हजेरी गेली, आमच्यासारख्यांना तोच मोठा खर्च. त्याशिवाय ४१ पानांच्या झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचे पैसे. झेरॉक्स निम्म्या लागल्याच नाहीत, मी घाबरून प्रत्येक गोष्टीच्या तीन-तीन काढल्या होत्या. दोन पुरतात. एक हजेरी नक्की वाचली असती, पहिला अर्ज चुकीच्या कोडने भरला नसता तर.

आता लाईनवर शेजारच्या दोघींपैकी एकीने वही सुरू केलीय. काल तिने पहिलं पान दाखवलं, त्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच शब्द होता, 'पॅकिंग'. मी म्हटलं अगं असं नको, भरणं वेगळं लिही, वजन वेगळं, लेबल वेगळं, आणि पेटी बदलली की तिथे वेळ टाक. आज सुट्टीच्या घंटेला तिने खिशातून वही काढली तेव्हा पानावर सात ओळी झाल्या होत्या.